खिंड उघडली का?

माझ्या आज्जीनं उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो म्हसवडच्या यात्रेत, लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेल्या लादीचा. तरीही माघ लागला की ती पोस्टमनला रोज एकच प्रश्न विचारायची, "खिंड उघडली का?" तिला हवं असायचं पत्र. पण पत्र खिंडीपल्याडून यायचं. मधूनच एखादं विमानानं अवचित यायचं तेवढंच. बाकीची सगळी खिंड उघडली की गठ्ठ्यानं यायची. पोस्टमन सरावला होता. "अजून न्हाय, वैनी," म्हणून तो सायकल पुढं काढायचा.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं. कुसळाचं रान, मेंढरं, आणि पावसाळ्यातही आभाळाकडं लागलेले डोळे. अशा गावातल्या बाईला काश्मीरच्या झोजीला खिंडीची खबर हवी असायची, कारण आबा तिकडं होते. १९६२ च्या युद्धानंतर जी भरती झाली तिच्यात ते फौजेत गेले आणि पुरवठा दलात गाडी चालवू लागले. श्रीनगर ते लेह हा सुमारे ४३४ किलोमीटरचा रस्ता तेव्हा नुकताच लेहपर्यंत पोचला होता. रॉकेल, पीठ, डाळ, डबाबंद भाजी, गरम कपडे, सगळं उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत पलीकडं न्यायचं आणि मग खिंड मिटायची.

आबांना एक सवय होती. एसटीतून उतरले, कुणाच्या जीपमधून उतरले, अगदी वैशाखातल्या उन्हात उतरले तरी ते गाडीच्या मागं जायचे, वाकायचे आणि धुराच्या नळीकडं बघायचे. बघून झालं की कंबर सरळ करून चालू लागायचे. कुणी का विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत. आम्हा पोरांना ती म्हातारपणाची लकब वाटायची.

बाकीच्या गोष्टी मात्र ते हौसेनं सांगत. थंडीत ओसरीसमोर शेकोटी असायची, हुरड्याची कणसं भाजत असायची. शेकोटीच्या कडेची राख पसरून आबा तिच्यात बोटानं एक रेघ ओढायचे. "ही सह्याद्रीची धार. ह्या अंगाला कोयना, म्हाबळेश्वर. ढग येतो, धारंला धडकतो, सगळं पाणी तिथंच वततो. त्या अंगाला आपण. आपल्या वाट्याला नुसतं वारं." मग त्याच रेघेवर बोट टेकवून म्हणायचे, "आता हीच झोजीला समजा. ह्या अंगाला बालटाल, त्या अंगाला द्रास. द्रास म्हंजे त्यांचं माण."

पुढं भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया हा शब्द आला तेव्हा मला तो नवा वाटलाच नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि हिमालयाच्या भिंतीवर चढताना आपली ओल बर्फाच्या रूपानं टाकतात. सोनमर्ग-बालटालच्या अंगाला बर्फाचे थर चढतात आणि द्रासचा मुलूख कोरडा, उघडा, वाऱ्याचा राहतो. झोजीलाची उंची साधारण ३,५२८ मीटर. याच रस्त्यावर पुढं फोटूला लागते, तिची उंची ४,१०८ मीटर. नकाशा पाहून कुणीही म्हणेल, भीती फोटूलाची असेल. प्रत्यक्षात हिवाळ्यात रस्ता तोडते ती झोजीला. कारण ओलीचा मारा ती छातीवर घेते, आणि उंच भिंतीतली ती सखल फट असल्यानं इकडची हवा तिकडं घुसायला तेवढीच वाट सापडते. दाराच्या फटीतून वारं शीळ घालत येतं तसंच हे, फक्त दार डोंगराएवढं.

"बर्फ न्हाय मारत पोरा, वारं मारतं," हे आबांचं वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. त्याचा अर्थ समजायला वेळ लागला. शांत पडणारा बर्फ दिसतो, मोजता येतो, फावड्यानं ओढता येतो. वारा पडलेला बर्फ पुन्हा उचलतो. वर आभाळ निळंभोर असतं आणि रस्त्यावर मात्र समोरचं बोनेट दिसत नाही. वारा एका उतारावरचा बर्फ खरवडून धारेपलीकडं, आडोशाच्या उतारावर नेऊन थापतो. नुसता पडून साठला असता त्याच्या कितीतरी पट वेगानं तो तिथं साठतो आणि त्याची घट्ट लादी होते. खालचा थर कच्चा असला की ती लादी कधी सुटेल याचा नेम नसतो. ३० ते ४५ अंशांचे उतार त्यासाठी सगळ्यांत वाईट. आणि माणसाच्या अंगाचं म्हणाल तर उणे १० अंशांची थंडी ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात उणे २२ सारखी लागते. आबांना हे आकडे माहीत नव्हते. हातमोजा काढून नट आवळायचा असेल तर मनात किती मोजून होईपर्यंत बोटं आपली राहतात, हे माहीत होतं.

जागांची नावं ते गावच्या शिवारातल्यासारखी घ्यायचे. कॅप्टन मोड, इंडिया गेट, शैतानी नाला, गुमरी, मग उतरून मटायन, पांडरास, द्रास. शैतानी नाल्यात कितीही सुंदर ऊन पडलेलं असो, गाडी उभी करायची नाही, लघवीलासुद्धा उतरायचं नाही, कारण वरचा उतार त्याच नाल्यातून खाली येतो. नाव ठेवणाऱ्यानं ते उगीच ठेवलं नव्हतं. 'ला' म्हणजे तिकडच्या बोलीत खिंड, आणि झोजीलाचा अर्थ बर्फवादळांची खिंड असा कारगिलकडचे लोक सांगतात. काश्मीरच्या दुसऱ्या टोकाला, जम्मूकडून खोऱ्यात शिरताना बनिहाल लागतं. काश्मिरीत बनिहाल या शब्दाचाही अर्थ बर्फाचं वादळ असाच सांगतात. एका खोऱ्याच्या दोन वेशी, आणि दोन्हींना नाव वादळाचं. लिहिता न येणाऱ्या माणसांनी आपल्या नातवंडांसाठी पाटी लावायची ती अशी, नावातच लावून ठेवली.

खोऱ्याच्या जुन्या वाटांवर अशा पाट्या पुष्कळ आहेत. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त पीर पंजालच्या डोंगराबद्दलची समजूत नोंदवून ठेवली आहे: तिथं बैल किंवा घोडा मारला तर ढग आणि वारा उठतो, बर्फ आणि पाऊस पडतो. पुढं औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर १६६५ साली काश्मीरला गेलेल्या फ्रांस्वा बर्निएला त्याच घाटमाथ्यावर एक म्हातारा फकीर भेटला. जहांगीरच्या काळापासून तो तिथं राहत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बजावायचा, गलका करू नका, गलक्यानं भयंकर वादळं उठतात. जहांगीरनं त्याचं न ऐकता नगारे-कर्णे वाजवायला लावले आणि तो मरता मरता वाचला, असंही त्यानं बर्निएला सांगितलं.

आवाजानं वादळ उठत नाही. साध्या आरोळीनं हिमकडा कोसळत नाही, हेही आता अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. तो सुटतो भारानं, मग तो भार ताज्या बर्फाचा असो, वाऱ्यानं आणून टाकलेल्या थराचा असो, नाहीतर उतारावर पाय ठेवणाऱ्या एका माणसाचा. तरी त्या फकिराला मी चुकीचा म्हणणार नाही. गप्प चालणारा तांडा कान देऊन चालतो, रेंगाळत नाही, घाटमाथ्यावर जल्लोष करायला थांबत नाही. नियमाचं कारण चुकलेलं असेल. नियम पाळणारे मात्र लवकर पलीकडं पोचत असणार. आपल्याकडं बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकल्याशिवाय जुने ड्रायव्हर पुढं जात नसत. वाट दाखवणाऱ्या त्या धनगराच्या आठवणीसाठी गाडी क्षणभर हळू व्हायची, आणि घाट उतरायच्या आधी ब्रेकवर पाय पडायचा. आबा नाणं टाकताना डोकं टेकवायचे आणि म्हणायचे, "तिकडंबी असंच."

झोजीलाच्या लढाईची गोष्ट आबांनी जुन्या जवानांच्या तोंडून ऐकली होती. १९४८ चा हिवाळा तोंडावर आला होता, खिंड शत्रूच्या हातात होती, आणि खिंड न मिळताच बर्फ पडला असता तर लेह तुटलं असतं. जनरल थिमय्यांनी रणगाडे वर चढवायचं ठरवलं. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे बुरूज उतरवून, झाकून, कच्च्या पुलांवरून बालटालपर्यंत आणले. मद्रास सॅपर्सनी वर जायला वाट फोडली. १ नोव्हेंबर १९४८ ला रणगाडे खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ही गोष्ट सांगताना आबा विजयावर फार थांबत नसत. ते म्हणायचे, "तारीख बघ. एक नोव्हेंबर. पंधरा दिस उशीर झाला असता तर?" लढाईत त्यांना दिसायची ती वाऱ्याशी लावलेली शर्यत.

आबांनी एक गोष्ट मात्र एकदाच सांगितली. मला गाडी चालवायचा परवाना मिळाला त्या रात्री. आज्जी आत झोपली होती. शेकोटी नव्हती, उन्हाळा होता.

खिंड मिटायच्या आधीची शेवटची फेरी होती. रिकाम्या गाड्या द्रासकडून परत येत होत्या. नियम असा की पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत खिंड मागं टाकायची. त्या दिवशी एका गाडीची चेन तुटली, वेळ गेला. गुमरीच्या अलीकडं वारं उठलं. वरून बर्फाचा कण पडत नव्हता, जमिनीवरचाच बर्फ उडत होता. कॉन्व्हॉय उभा राहिला. उस्ताद म्हणजे गढवाली हवालदार, त्यांनी सांगितलं, सगळ्यांनी दोनच गाड्यांत बसायचं, कुणी डोळा लावायचा नाही, आणि दर अर्ध्या तासानं एकानं कमरेला दोर बांधून बाहेर जायचं, फावड्यानं धुराच्या नळ्या मोकळ्या करायच्या. इंजिनं आळीपाळीनं थोडा थोडा वेळ चालू ठेवायची.

शेवटच्या गाडीतला पोरगा आला नाही. नवा होता, दमलेला होता, आपल्या गाडीतच बसतो म्हणाला. आबांची पाळी आली तेव्हा ते दोर धरून निघाले. दोर तिसऱ्या गाडीपर्यंत पुरला. पुढं चौथ्या गाडीच्या काचेतून आतला दिवा मंद दिसत होता, इंजिनाची धडधड ऐकू येत होती. आबांना वाटलं, पोरगं उबेत आहे, बरं आहे. ते परत फिरले.

सकाळी वारं पडलं. चौथ्या गाडीच्या मागं बर्फाचा ढीग काच गाठत होता, नळी त्याच्या पोटात होती. पोरगा झोपल्यासारखा बसला होता. "गालावर लाली व्हती," आबा म्हणाले. "थंडीनं मेलेलं माणूस निळं पडतं. हे गोरंगुलाबी. लगीनघरातनं उठून आल्यागत." मग बऱ्याच वेळानं, "दोर सोडून दहा पावलं गेलो असतो तर."

त्या रात्रीपासून त्यांच्या वाकण्याला मी लकब म्हटलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ बर्फ बघायला आलेल्या सहलकऱ्यांच्या मोटारी एका रात्रीत अडकल्या. २० हून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. कित्येकजण काचा लावून, हीटर चालू ठेवून, बसल्या जागी गेले असावेत. बर्फानं नळ्या बुजल्या की धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. ती बातमी वाचताना माझ्या हातातला पेपर थरथरत होता. आबांच्या त्या रात्रीला साठ वर्षं होत आली होती. डोंगर तोच, थंडी तीच, आणि तीच साधी गोष्ट कुणी त्या माणसांना वेळेवर सांगितली नव्हती. आपल्याकडून आता दर हिवाळ्यात किती कुटुंबं सोनमर्गला, गुलमर्गला, मनालीला जातात. टोप्या, बूट, कॅमेरे, सगळं घेतात. गाडी अडकली तर इंजिन बंद करा, अधूनमधून थोडं चालवा, त्याआधी उतरून नळी मोकळी करा, काच बोटभर उघडी ठेवा, गाडी सोडून अंधारात चालत निघू नका, ही पाच वाक्यं कुणीतरी त्यांच्या सामानात बांधून द्यायला हवीत. मी माझ्या परीनं भेटेल त्याला सांगत असतो.

काळ बदलला हे खरं आणि ते चांगलंच झालं. १९६० साली सीमा सडक संघटना उभी राहिली, तिचा 'बीकन' प्रकल्प काश्मीरचे रस्ते पाहू लागला. पूर्वी चार-सहा महिने मिटणारी खिंड हल्ली बर्फ कापणाऱ्या यंत्रांनी आठवड्यांत उघडली जाते. २०२३ मध्ये ती ६८ दिवसांनी उघडली, २०२४ मध्ये ३५ दिवसांनी. कुठल्या उतारावर धोका किती, याचा अंदाज संरक्षण संशोधनवाले रोज देतात. १३ जानेवारी २०२५ ला साडेसहा किलोमीटरचा सोनमर्ग बोगदा सुरू झाला, आणि त्याच्या पुढं खुद्द झोजीलाच्या पोटातून सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की द्रासच्या बाळंतिणीला, कारगिलच्या आजाऱ्याला, श्रीनगरला शिकणाऱ्या पोरांना विमानाच्या जागेची वाट बघत बसावं लागणार नाही. मला त्या दिवसाची ओढ आहे. पण बोगद्याला दोन तोंडं असतात, आणि तोंडापर्यंतचा रस्ता उताराखालूनच जातो. तिथं वारं आबांच्या वेळचंच असणार. म्हणून रस्ता नवा झाला तरी त्याच्या जुन्या गोष्टी सांगणारं माणूस संपू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

सोनमर्गचा बोगदा व्हायच्या आधी, आबा गेल्यानंतर, मी एकदा ती वाट पाहायला गेलो होतो. नोव्हेंबरची अखेर होती. श्रीनगरहून कारगिलला जाणाऱ्या सुमोत जागा मिळाली. चालक द्रासचे, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. सोनमर्गला गाड्या अडवल्या. खिंडीत वारं होतं. एक दिवस गेला, दुसरा गेला. गाडीतले काहीजण चिडले, हात वर करून दाखवू लागले, बघा, केवढं लख्ख ऊन पडलंय. चाचांनी कुणाशी वाद घातला नाही. खानावळीत फेरनमध्ये कांगडी धरून बसले आणि मला म्हणाले, "ऊन खाली असतं बेटा. वर कोण आहे ते वेगळं." मला शेकोटीची राख आणि तिच्यातली रेघ आठवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे एकेरी वाहतूक सोडली. निघण्याआधी चाचा खाली उतरले. गाडीच्या मागं गेले, वाकले, धुराच्या नळीकडं बघितलं, बोटानं कडेचा बर्फ झाडला आणि येऊन बसले. मी खिडकीकडं तोंड वळवलं. शैतानी नाल्याशी आल्यावर त्यांनी टेप बंद केला. गाडीत कुणीच बोलेना. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये एका गाडीची वाट. गुमरीला ते क्षणभरही थांबले नाहीत, आणि मीही थांबा म्हटलं नाही. तिथं उतरून हात जोडायचे असं घरून ठरवून आलो होतो. पण आबांनी मला तिथं उतरू दिलं नसतं, हे गुमरी मागं पडताना कळलं. बसल्या जागी डोळे मिटले.

द्रासच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोक्याला जाड रुमाल, हात झग्यात. आमची त्या सकाळची पहिली गाडी. तिनं हात केला, चाचांनी काच खाली घेतली. ती शिना बोलीत काहीतरी विचारू लागली, चार-पाच शब्दच असतील. चाचा हसून मान डोलावत होते आणि सीटच्या मागून एक पुडकं ओढून काढत होते.

शिना बोलीचा एक शब्द मला येत नाही. पण तिनं काय विचारलं ते चाचांनी सांगायच्या आधी मला कळलं होतं.